काळा सरदार आणि बाबांची छत्री

बी.ए. झालेला आमच्या घरातला पहिला माणूस मी. हे मी कोणी न विचारताही सांगतो, आणि आजही सांगतो. आमचं गाव हिंगणघाटहून वडनेरकडे जाताना फाट्यापासून आत. गावात शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं हिंगणघाटला. रोज एसटीनं जाऊन, बहुतेक उभ्यानंच जाऊन, मी पदवी आणली. गावानं तिची दखल घेतली ती अशी, की माझं नावच काढून घेतलं. "ए बीए, कोठी चालला?" "बीएले विचारा, त्याले सारं माहीत राह्यते." लहान पोट्टे तर थेट बीए काका म्हणायचे.

पहिलं वर्ष मला त्या नावाची ऐट होती. दुसऱ्या वर्षी ते टोचायला लागलं, कारण बीए घरीच होता. ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. मास्तरकीला बी.एड. मागायचे, ते माझ्याकडे नव्हतं. समुद्रपूरच्या एका शाळेत मुलाखतीला गेलतो, तिथं जागा आधीच भरलेली होती. आम्हाला फक्त चहा पाजला. आर्वीला एका ऑफिसात गेलतो, साहेब रजेवर. परत येऊन मी फाट्यावर उभा राहायचो. कुठं जायचं नसायचं. वडनेरची गाडी गेली की हिंगणघाटची येईपर्यंत थांबायचो, ती गेली की पुन्हा वडनेरची. कंडक्टर दार उघडून विचारायचा, "चढता का?" मी नाही म्हणायचो. तो घंटी मारायचा. घरी बसलो की पोटऱ्यांत मुंग्या यायच्या, जेवताना सुद्धा माझा एक पाय हलत असायचा आणि वहिनी म्हणायची, "भाऊजी, ताट सांडन."

बाबा ओरडणारे नव्हते. एका संध्याकाळी बैलांना पेंढी टाकता टाकता, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पोळ्यापर्यंत फिर. तुले कोणी काही म्हणत नाई. पोळा झाला का करीपासून डवरं धर. मोठा एकटा पुरून नाई राह्यला."

कर म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. डवरं म्हणजे कपाशीच्या तासातून बैलामागं धरून चालायचं अवजार. मी लहानपणापासून धरलेलं होतं, त्यात कमीपणा नव्हता. पण बाबांच्या बोलण्याचा अर्थ मला कळला होता. एकदा धरलं की ते सुटणार नव्हतं, आणि बी.ए. ही आमच्या घरात एक गोष्ट होऊन राहणार होती, एखाद्यानं तरुणपणी कुस्ती मारली होती तशी.

मला लिहायचं होतं. काय लिहायचं तेही ठरलेलं होतं. मला काळा सरदार लिहायचा होता.

काळा सरदार हा चित्रांच्या पुस्तकातला वीर. मी शाळेत होतो तेव्हा, म्हणजे सत्तरच्या दशकात, हिंगणघाटच्या स्टँडजवळ एक माणूस दोरीला चिमटे लावून ही पुस्तकं टांगायचा. खाली फळी टाकलेली असायची. तिथंच बसून वाचायचं, घरी न्यायचं नाही. एसटी सुटायच्या आत पुस्तक संपवायचं म्हणून मी इतका भराभरा वाचायला शिकलो, की पुढं कॉलेजात त्याचा उपयोग झाला. सरदाराच्या अंगात पायघोळ काळा झगा, तोंडावर काळं फडकं, एक हात लोखंडाचा. राहायला समुद्रातल्या दीपगृहात. संकट आलं की तो घोड्यावर बसून येणार, लोखंडी हातानं दुष्टाचं बखोट धरणार आणि त्याला कड्यावरून समुद्रात फेकणार. गोष्टीच्या शेवटच्या चित्रात नेहमी खडकावर उभा सरदार आणि खाली लाटा.

आमच्या वर्गात समुद्र कोणीही पाहिलेला नव्हता. दीपगृह म्हणजे काय असं मास्तरांना विचारलं, तर ते म्हणाले, "मोठा कंदील राहते, आत शिडी राहते." आम्ही ते कापसाच्या जिनिंगच्या चिमणीवर बसवलं. हिंगणघाटात शिरताना एसटीतून चिमण्या दिसायच्या, आणि मी दोस्ताला कोपर मारून म्हणायचो, पाह्य, तिथं राह्यते तो.

पदवीनंतर एकदा स्टँडवर गेलो तर दोरी तीच होती, पण फळी रिकामी. सरदाराच्या पुस्तकांवर धूळ. माणूस म्हणाला, "पोट्टे आता टीवीच्या खिडकीत उभे राह्यतेत. याले कोण वाचते?" मी एक पुस्तक उलटवून पाहिलं. मागच्या पानावर नागपूरच्या इतवारीतल्या छापखान्याचा पत्ता होता. मी त्याच गाडीनं परत आलो नाही. नागपूरच्या गाडीत बसलो.

छापखान्याचे मालक दुकानाच्या फळीवर मांडी घालून बसले होते. मागं यंत्राची धडधड, आणि एका कोपऱ्यात गुडघ्यावर पाटी टेकवून एक चित्रकार ब्रशनं घोड्याची आयाळ भरत होता. मी सांगितलं, बी.ए. झालो आहे, लिहायचं आहे.

"बीए झाले न भाऊ? मंग मास्तर काऊन नाही झाले?" मालक म्हणाले.

"तुमचा सरदार म्हातारा झाला," मी म्हणालो. असं एकदम बोलायचं नव्हतं, पण सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं आणि जीव नुसता पळत होता. "मी तो नवा करून देतो. समुद्र काढा. दीपगृह काढा. आमच्या इकडच्या पोरानं ते पाहिलेलं नाही. घोडा पण काढा."

"घोडा काढला त तो बसन कशावर?"

"बैलावर."

मागं छपाईचे खिळे जुळवणारा माणूस फस्सकन हसला. चित्रकारानं मात्र ब्रश थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं. चाळिशीचा, काडीसारखा माणूस, कानाला पेन्सिल.

मालक व्यापारी होते, त्यांनी माझा अपमान केला नाही. म्हणाले, "देखो भाऊ, मले आवडून फायदा नाही. पोट्ट्यांना आवडला पाहिजे. हा आमचा चित्रकार पोळ्याला सासुरवाडीले हिंगणघाटला जाते. करीच्या दिवशी तुमच्या गावात येईल. तुमच्या गावचे पोट्टे तुमच्या बैलवाल्याच्या मागं पळाले, त या, इथं टेबल टाकून देतो, लिहा. नाही पळाले त माझा म्हातारा बरा."

मी तिथंच ठरवलं. करीच्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. पोळ्याला खरे बैल मिरवतात आणि दुसऱ्या दिवशी पोरं आपापले चाकांवरचे लाकडी बैल सजवून मिरवतात, घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. सगळी पोरं एका जागी जमतात. दरवर्षी तेच सोंग असायचं, एक राजा, एक शिपाई, एक शंकर. यंदा आमच्या घरच्या मोठ्या लाकडी बैलावर काळा सरदार बसणार होता.

घरी आलो ते धावतच. कडब्याचं अंग केलं, आत बांबूचा कणा. जुन्या मडक्याचं डोकं. तुपाच्या डब्याचा पत्रा कापून लोखंडी हात केला, बोटं सुद्धा निराळी निराळी काढली. अडलं ते झग्यापाशी. काळं कापड आणणार कुठून? ओसरीच्या खुंटीला बाबांची जुनी छत्री होती, दोन काड्या मोडलेली. शेजारची एक मागून आणली, तीही तशीच. दोन्हींचं कापड मी उसवलं आणि वहिनीपुढं ठेवलं.

"मामंजीले विचारलं का?" वहिनीनं विचारलं.

"मोडकीच तर आहे."

"मोडकी हाय, पण त्यायची हाय." असं म्हणाली, आणि मशिनवर बसली. वहिनीचा हात असा होता की छत्रीच्या त्या टोकदार पाकळ्या तिनं खाली घेराला येऊ दिल्या. झगा वाऱ्यावर असा काही हलायचा, की मी स्वतःच मागं सरकलो.

पुतणी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. तिचं सगळं लक्ष माझ्याकडे. "तोंड काऊन झाकलं याचं?"

"कोणी ओळखू नये म्हणून."

"गावात त सारेच वळखतेत."

"हिरो असाच राह्यतो. तोंड झाकून."

तिनं बराच विचार केला. "डोळे आले का याचे?"

हे विचारणं बरोबरच होतं. त्या पावसाळ्यात घरोघर डोळे आले होते. अर्धं गाव ओलं फडकं तोंडावर धरून फिरत होतं. पोरांच्या पापण्या सकाळी चिकटायच्या, आया कोमट पाण्यानं सोडवायच्या. पुतणीचे स्वतःचे डोळे कुंकवासारखे लाल होते.  मला वाटलं, हिला काही समजत नाही. आणि आत कुठंतरी एक काटा राहून गेला, कारण आमच्या गावात हा माणूस तोंड का झाकेल, हे मलाही माहीत नव्हतं. समुद्र काढला, घोडा काढला, पण तो करतो काय? दुष्टाला फेकणार कुठं? आमच्याकडे ना कडा ना समुद्र.

पोळ्याच्या संध्याकाळी बैल फिरून घरी आले. बाबा पाऊस आला म्हणून खुंटीपाशी गेले आणि त्यांच्या हातात नुसत्या काड्या आल्या.

"माही छत्री कोठी गेली?"

"सरदाराच्या अंगावर," पुतणीनं लगेच सांगितलं.

बाबांनी ओसरीतून बाहेर पाहिलं. सरदार दाराशेजारी वळचणीखाली भिंतीला टेकवून उभा होता, पोळ्याला दारात लावतात त्या पळसाच्या फांद्यांना लागून. लाकडी बैलाला तेल लावलं होतं, ते सुकलं की वर बसवणार होतो. बाबांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "हा कोरडा," म्हणाले, "अन् मी ओला. वा रे बीए." डोक्यावर पोतं घेऊन ते गोठ्यात गेले.

मला झोप अशी लागलीच नाही. सरदाराच्या कमरेला पट्टा साधा दिसत होता, त्याला चमकी पन्नी पाहिजे होती. हिंगणघाटचा दुकानदार दुकानामागंच राहायचा, सणाच्या दिवशीही दार वाजवलं तर देणार. उजाडायच्या आत मी फाट्यावर, पहिल्या गाडीत.

आता करीच्या पहाटेची रीत सांगायला पाहिजे. आमच्याकडे त्या पहाटे मारबत निघते. जुन्या लुगड्याचं, कडब्याचं एक बुजगावण्यासारखं बाईमाणूस करतात आणि पोरंसोरं, बायाबापे ते ओढत, शिव्या घालत शिवेबाहेर नेतात आणि जाळतात. दारातल्या पळसाच्या फांद्याही सोबत नेतात. गावातली इडापिडा, खोकला, ताप, ढेकूण, सगळं घेऊन जा गे मारबत, म्हणून ओरडायचं. आमच्या गल्लीची मारबत दरवर्षी शेजारची मोठमाय करायची. मोठमाय म्हणजे नात्यानं माझी चुलती. त्या वर्षी तिचे डोळे इतके आले होते, की दोन्हींवर पट्टी होती. मारबत झालीच नव्हती. पोरं पहाटे तिच्या दारात जमली, मारबत नाही म्हणून कुरकुरायला लागली. दारादारातल्या फांद्या तरी न्याव्यात म्हणून ती पोराच्या खांद्यावर हात ठेवून निघाली, आमच्या दारापर्यंत आली, आणि तिचा हात सरदाराला लागला. तिनं चाचपलं. कडबा. वर कापड. शेजारी पळसाची फांदी.

"हे काय हाय?"

"काळं हाय, मोठमाय. तोंड झाकेल हाय."

"मंग मारबतच हाय न. बीएनं केली वाटते. शिकेल माणूस, त्याले समजते म्हातारीचे डोळे आले म्हणून. उचला!"

हे सगळं मला मागाहून कळलं. मी पन्नीची गुंडाळी काखेत मारून दहाच्या सुमाराला फाट्यावरून पळतच आलो, तर दारात लाकडी बैल एकटाच उभा. पाठीवर कोणी नाही. भिंतीला ओल्या कडब्याची एक काडी चिकटलेली.

"वहिनी, सरदार कुठं गेला?"

वहिनी पाट्यावर मसाला वाटत होती. "पोट्टे घेऊन गेले न पहाटी. मले वाटलं मिरवून आणतीन." मग माझ्या तोंडाकडे पाहून तिचा वरवंटा थांबला. "बाप्पा. ते मारबतीचं ओरडणं होतं, नाई?"

मी शिवेवर गेलो. ओढ्याच्या अलीकडे, बोरीच्या झाडापाशी, राख. पावसानं अर्धी विझलेली, छत्रीच्या कापडाचा एक टोकदार तुकडा कडेला. मला रडू आलं असतं, पण तिथं बाबा उभे होते. ते कशाला आले होते कोणास ठाऊक. त्यांनी पायाच्या अंगठ्यानं तो तुकडा उलटा केला.

"लय जोरात ओरडत होते पोट्टे," म्हणाले. "एवढी मोठी मारबत आपल्या गावात निघाली नव्हती."

"बाबा, दुपारी नागपूरचा माणूस येतो आहे. त्याला काय दाखवू?"

"राख दाखव," बाबा म्हणाले. ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच दुसरं काही सुचत नव्हतं. "अन् नाई आवडलं त उद्यापासून डवरं हाय. घाबरतो काहाले?"

दुपारी चित्रकार आला. मी त्याला फाट्यावरच गाठून परत पाठवायचं ठरवलं होतं. पण तो सासऱ्याच्या सायकलवर आडवाटेनं आला आणि मी फाट्यावर गाड्या मोजत उभा. कोणीतरी सांगत आलं, "बीए, तुहा नागपूरवाला पाराजवळ बसून राह्यला." मी धापा टाकत पोहोचलो तेव्हा तान्हा पोळा भरला होता. पारासमोर पोरं, पोरांपुढं चाकांवरचे बैल, झुली, घुंगरू, फुगे. एक शंकर, एक शिपाई. आणि मधोमध आमचा मोठा लाकडी बैल, दोर पुतणीच्या हातात. बैलाच्या पाठीवर, सुतळीनं बांधलेला, नुसता एक पत्र्याचा हात. काळा पडलेला, पाचही बोटं वर.

चित्रकार उकिडवा बसून पुतणीशी बोलत होता.

"हा हात कोणाचा वं?"

"सरदाराचा."

"अन् बाकीचा सरदार?"

"त्याले आम्ही गावाभाईर काढलं. जाळलं."

"बाप रे. काऊन? खराब होता का?"

"नाई जी!" पुतणीला राग आला. "तो डोळे घेऊन गेला न. मोठमायचे, माहे, साऱ्यायचे. अन् खोकला. ह्या पोट्ट्याची खरूज बी." ज्याची खरूज होती तो पोरगा मागून म्हणाला, "माही नाई नेली, अजून हाय." सगळे हसले. "नेईन न, आजच त नेली," पुतणीनं त्याला दटावलं. मग चित्रकाराकडे वळून, "त्याले शिव्या देल्या आम्ही. तो काहीच नाई बोलला. तोंड बांधेल होतं त्याचं. डोळे लागू नाई म्हणून. हात तेवढा नाई जळला, लोखंडाचा होता. म्हणून पुढच्या साली बी येते."

"कोण म्हणते?"

"मी म्हणतो." आमच्याकडे पोरी असंच बोलतात.

मी गर्दीच्या मागं उभा होतो. पोटऱ्यांतल्या मुंग्या थांबल्या होत्या. आठ दिवस मी पन्नी, पत्रा, झगा करत होतो, आणि हा माणूस करतो काय, हे मला ठाऊक नव्हतं. ते इथं चाललं होतं. कोणाला फेकायचं नाही. उचलायचं आणि शिवेबाहेर घेऊन जायचं, शिव्या खात. तोंड झाकलं ते ओळख लपवायला नाही, आलेले डोळे कोणाला लागू नयेत म्हणून. मी पदवीधर, आणि मी ते विचारलंच नव्हतं. मी फक्त घोडा काढून बैल घातला होता.

चित्रकारानं कानावरची पेन्सिल काढली आणि बिडीबंडलाच्या कागदावर तो हात काढून घेतला. उठताना माझ्याजवळ आला. "पोट्टे मागं पळाले म्हणते?"

"शिवेपर्यंत," मी म्हणालो. "शिव्या देत."

"शिव्या द्यायच्या नाहीत असं मालक थोडीच म्हणले होते." त्यानं सायकलला टांग मारली. "लिहून आणा. पोरीनं सांगितलं तसं."

करीच्या दुसऱ्या दिवसापासून मी डवरं धरलं. बोलल्याप्रमाणे. तासाच्या त्या टोकाला जाईपर्यंत एक पान सुचायचं, बैल वळवताना विसरायचं, परत येताना पुन्हा सुचायचं. बैल चालायचे सरळ, माझं डोकं मात्र धुऱ्याबांधावरून उड्या मारायचं. डवऱ्याखाली कपाशीची झाडं यायची आणि मोठा भाऊ पलीकडच्या तासातून ओरडायचा, "बीए, पऱ्हाटी उपटून राह्यला तू!" रोज संध्याकाळी मी कागदावर उतरवायचो. सरदार गावात येतो, जिनिंगच्या चिमणीतून नाही, कुठून ते कोणाला माहीत नाही. गावाचे डोळे आलेले. कोणी त्याला पाणी देत नाही, उलट हाकलतात. तो घराघरातली पीडा त्या लोखंडी हातानं उचलून झग्यात भरतो. झगा जड होत जातो. शेवटी शिवेवर बोरीपाशी त्याला जाळतात, आणि सकाळी गावाच्या पापण्या सुटतात. राखेत हात.

चार सहा दिवसांनी कागद घेऊन मी नागपूरला गेलो. मालक त्याच जागी बसले होते, पण डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. कोपऱ्यात चित्रकार, त्याच्याही डोळ्यांवर चष्मा.

"तुमच्या गावातून घेऊन आला हा," मालक चिडून म्हणाले. "अन् मले दिले. बसा, लांब बसा. वाचा, मले दिसत नाही."

मी वाचलं. यंत्र चालू होतं म्हणून ओरडून वाचावं लागलं. खिळे जुळवणारा काम सोडून ऐकत होता. शेवट संपल्यावर मालक काही वेळ चष्म्याखालून डोळे पुसत राहिले, ते रडत नव्हते, पाणी येत होतं.

"हिरो मरते?"

"मरत नाही. हात राहतो."

"भाऊ, हिरो मार खाते, शिव्या खाते, वरून जळते. कोण घेईल? असं करा. आगीतून तो बाहेर उडी मारन. घोडा आणा शेवटी. घोडा येऊ द्या, अन् ज्यानं जाळलं त्याला धरून चार ठेवून द्या. एवढं बदला, टेबल तुमचं. उद्यापासून."

टेबल मला दिसत होतं. खिडकीशेजारी, एक पाय विटेवर टेकवलेला. माझं पुढचं सगळं आयुष्य त्यावर ठेवलेलं होतं, आणि मागं कपाशीचे तास. हो म्हणायला तोंड उघडलं होतं. बाहेर आलं ते वेगळंच.

"तो उडी मारून परत आला, तर डोळे पण परत येतील."

"मतलब?"

"तो घेऊन गेला आहे ना. घेऊन परत आला तर गावाला मिळालं काय? तुमचेच डोळे घ्या. तुम्हाला ते गेलेले पाहिजेत, का आगीतून उडी मारून परत आलेले?"

मागं खिळेवाला पुन्हा फस्सकन हसला, आणि या वेळी तो मला हसत नव्हता. मालकांनी चष्मा काढला. कुंकू बरं, इतके लाल.

"हा माझे पण नेईल का?" ते म्हणाले.

"पोट्टी म्हणते, साऱ्यायचे," कोपऱ्यातून चित्रकार बोलला. त्या दिवशी पहिल्यांदाच बोलला. मग उठून पाटी घेऊन आला. "मालक, जळणं दाखवायचं नाही. सोळा पानाचा फॉर्म, शेवटचं पान जाहिरातीला जातेच. पंधराव्यावर संपवू. तो पाठमोरा. झगा भरेल, वाकलेला. शिवेच्या पार चालला. पुढं काय झालं ते ज्याला माहीत हाय त्याला माहीत हाय. ज्याला नाही त्याला वाटन, गेला, येईल."

मालकांनी चष्मा परत लावला. "घोडा?"

"घोडा नाही," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"दंतमंजनवाल्याचं पान जाऊ देणार नाही मी," मालक म्हणाले. ते हो होतं, हे मला चित्रकारानं डोळ्यानं खुणावून सांगितलं, आणि काळ्या चष्म्यातून खूण दिसत नाही म्हणून मग चष्मा वर करून पुन्हा खुणावलं. दोनच दिवसांत माझेही डोळे आले.

बिछाना आणि कपडे न्यायला मी गावी आलो. सोबत त्या पंधराव्या पानाचं कच्चं चित्र होतं. बाबांना वाचता येत नव्हतं. चित्राला वाचावं लागत नाही. त्यांनी ते उजेडाकडे धरलं.

"ही आपली बोर हाय."

"हो."

"अन् हे माह्या छत्रीचं कापड. पाह्य, कडेनं टोकं." त्यांनी बोटानं दाखवलं. बराच वेळ पाठमोऱ्या माणसाकडे पाहत राहिले. "लय भरलं याच्यावर. वाकला. वापस येते का हा?"

"पोट्टी म्हणते, येते. पुढच्या पोळ्याले."

 सकाळी फाट्यावर बाबा माझी वळकटी घेऊन आले. पाऊस होता. त्यांच्याकडे नवी छत्री होती, वडनेरच्या बाजारातून आणलेली, अजून मुठीला कागद. गाडी दिसली, तशी मला लगेच चढायची घाई झाली. पाय नुसते वाजत होते. कंडक्टरनं दार उघडलं आणि मला ओळखून विचारलं, "आज चढता का?"

बाबांनी छत्री मिटून माझ्या हातात दिली.

"तुम्ही भिजाल," मी म्हणालो.

"पोतं हाय न. घे. अन् इचं काही शिवू नोको." गाडी हलली तेव्हा ते खिडकीसोबत दोन पावलं चालले. "पोळ्याले येजो बीए. काळं घालून येऊ नोको, पोट्टे हाकलून देतीन."